द्रव-घन सर्क्युलेटिंग फ्लुइडाइज्ड बेड: कॉलेज प्रयोगशाळेसाठीच्या ७६ मिमी संचाचे परीक्षण

रासायनिक अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत साधा द्रव-घन फ्लुइडाइज्ड बेड, म्हणजे खालून येणाऱ्या पाण्याने तरंगत ठेवलेला कणांचा थर, बहुधा असतोच. उभी नळी, तळाला जाळी, त्यावर काचेचे मणी. पाणी वाढवत न्यायचे, फुगलेल्या बेडची उंची मोजायची, आलेख काढायचा. पाण्याचा वेग मण्यांच्या टर्मिनल वेगापुढे (एकटा मणी स्थिर पाण्यात ज्या कायम वेगाने खाली जातो त्यापुढे) गेला की मणी नळीबाहेर पडतात आणि प्रयोग तिथेच संपतो. सर्क्युलेटिंग बेडचे काम तिथून पुढे सुरू होते. वर गेलेले मणी पाण्यापासून वेगळे करायचे, शेजारच्या साठवण स्तंभात उतरवायचे आणि खालून पुन्हा रायझरमध्ये, म्हणजे मणी वर नेणाऱ्या उभ्या नळीत, सोडायचे. हे चक्र तासन्‌तास न अडखळता चालले पाहिजे.

इथे परीक्षण आहे ते ऑर्डरप्रमाणे बनवून मिळणाऱ्या ॲक्रिलिकच्या संचाचे: रायझरचा आतला व्यास ७६ मिमी, उंची ३ मीटर, साठवण स्तंभ २०० मिमी व्यासाचा, दोघांना जोडणारा तिरपा ५० मिमीचा फीड पाइप, वर द्रव-घन सेपरेटर, खाली प्राथमिक (मणी वर नेणारा) आणि साहाय्यक (तळाचे मणी सैल करणारा) असे पाण्याचे दोन स्वतंत्र प्रवाह, २०० लिटरची टाकी, १ अश्वशक्तीचा पंप, सोबत साधारण ०.५ मिमीचे काचेचे मणी. उत्पादकाचे नाव देत नाही, कारण खाली सांगितलेले गुणदोष मुख्यतः या आराखड्याचे आहेत. कॅनडातल्या लंडन, ओंटारिओ इथल्या वेस्टर्न विद्यापीठात जिंगशू झू यांच्या गटाने याच व्यासाच्या आणि याच उंचीच्या रायझरवर बरेच काम केले आहे, त्यामुळे आपले आकडे ताडून पाहायला प्रकाशित माहिती भरपूर मिळते. हे माप निवडण्याचे ते एक सबळ कारण आहे. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, म्हणजे पूर्वीच्या यूडीसीटीत, ज्येष्ठराज जोशी यांच्या गटाने याच कुळातल्या बहुमजली सर्क्युलेटिंग बेडवर काम केले आहे. त्यामुळे विषय आपल्याकडे अगदीच परका नाही.

निकाल आधीच सांगतो. रायझर, सेपरेटर आणि सांगाडा उत्तम आहेत. साहाय्यक प्रवाहाचे मोजमाप कामचलाऊ आहे, आणि फीड पाइपकडे बनवणाऱ्यांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. या यंत्राचे स्थैर्य नेमके याच दोन जागी ठरते. म्हणून संच घ्यावा, पण आहे तसा घेऊ नये.

प्रवाह कसा वागतो

०.५ मिमी व्यासाचा, २५०० किग्रॅ प्रति घनमीटर घनतेचा मणी २५ अंशांच्या पाण्यात सुमारे ७.७ सेंमी प्रति सेकंद वेगाने खाली बसतो. बेड सुटायला, म्हणजे किमान फ्लुइडायझेशनला, वेन-यू सूत्राने फक्त २.५ मिमी प्रति सेकंद वेग लागतो. दोन्हींत तीसपट अंतर आहे. रायझरचे क्षेत्रफळ ४५.४ चौरस सेंमी, त्यामुळे टर्मिनल वेगासाठी मिनिटाला सुमारे २१ लिटर पाणी पुरते. पंप मिनिटाला ८० लिटर सहज देतो, म्हणजे रायझरमध्ये ३० सेंमी प्रति सेकंद. साधा बेड, सर्क्युलेटिंग बेड आणि मणी अगदी विरळ होऊन वाहून जाण्याची अवस्था, असे तिन्ही टप्पे एकाच संचावर दाखवता येतात.

वायू-घन सर्क्युलेटिंग बेडवर काम केलेल्यांना इथला शांतपणा पाहून आश्चर्य वाटते. मण्यांची आणि पाण्याची घनता फक्त अडीचपटीने वेगळी असल्यामुळे मोठे पुंजके बनत नाहीत, बुडबुड्यांसारख्या पोकळ्या उठत नाहीत. बेड शांत राहील की उसळेल हे सांगणाऱ्या, विल्हेल्म आणि क्वॉक यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या फ्रूड अंकाच्या निकषात हे मणी सुमारे ०.००१ वर येतात. गडबड सुरू होते ती हा अंक १ च्या आसपास गेल्यावर. रायझरमध्ये तळापासून टोकापर्यंत मण्यांचे प्रमाण जवळपास सारखे राहते. पोलादी छऱ्यांसारखे जड कण घातले तर मात्र कमी वेगाला तळाशी दाट आणि वर विरळ असे चित्र दिसते. विद्यार्थ्यांना फरक दाखवायचा असेल तर थोडे छरे वेगळे मागवून ठेवावेत. दोन्ही एकत्र मिसळू नयेत, नंतर वेगळे करताना चाळणीचा काही उपयोग होत नाही.

उभ्या दिशेने सारखेपणा असला तरी आडव्या दिशेने तसे नाही. मध्यभागी पाणी वेगाने धावते, भिंतीलगत हळू, त्यामुळे भिंतीजवळ मणी दाट असतात. मण्यांचे चक्रण वाढवले की हा फरक वाढतो. पाण्याचा वेग खूप वाढवून वाहतुकीच्या अवस्थेत गेलो की तो जवळपास नाहीसा होतो. पारदर्शक नळीतून बाहेरून पाहणाऱ्याला फक्त भिंतीजवळचा थर दिसतो, म्हणून डोळ्यांना बेड खऱ्यापेक्षा दाट वाटतो. या संचात आडवा फरक मोजायची सोय नाही. फायबर ऑप्टिक प्रोबसाठी (नळीच्या आत मण्यांचे प्रमाण मोजणाऱ्या बारीक सळईसाठी) निदान दोन उंचींवर बंद करता येणारी १२ मिमीची छिद्रे आधीच ठेवून घ्यावीत. तयार ॲक्रिलिक नळीत नंतर छिद्र पाडताना तडा जाण्याची भीती असते.

हिशेबासाठी एक नमुना स्थिती घेऊ. पाण्याचा एकूण वेग २० सेंमी प्रति सेकंद, म्हणजे मिनिटाला ५४ लिटर, आणि मण्यांचे चक्रण दर चौरस मीटरला सेकंदाला १० किग्रॅ. या रायझरमध्ये याचा अर्थ मिनिटाला २.७ किग्रॅ मणी. रिचर्डसन-झाकी पद्धतीने सरकवेग (पाणी आणि मणी यांच्या वेगांतला फरक) धरला तर रायझरमधला घन-होल्डअप, म्हणजे आकारमानातला मण्यांचा वाटा, सुमारे ३ टक्के येतो. प्रत्यक्षात तो थोडा जास्त मोजला जातो, कारण वर सांगितलेल्या आडव्या फरकामुळे सरासरी सरकवेग समप्रमाण बेडपेक्षा मोठा असतो. मणी रायझर चढायला सुमारे २२ सेकंद घेतात. साठवण स्तंभात १ मीटर उंचीपर्यंत मणी भरले असतील तर ते सुमारे ४७ किग्रॅ होतात, आणि या दराने सगळा साठा एकदा फिरून यायला १७ ते १८ मिनिटे लागतात. रायझर दोन मिनिटांत स्थिर दिसतो, पण पूर्ण चक्र स्थिर व्हायला वीस मिनिटे द्यावी लागतात. विद्यार्थ्यांची वाचने एकमेकांशी जुळत नाहीत त्याचे हे पहिले कारण. प्रयोगपुस्तिकेत 'स्थिर झाल्यावर' एवढेच लिहिलेले असते. तिथे २० मिनिटे असा स्पष्ट आकडा हवा.

दाबाचा ताळेबंद

रायझरमधले मणी पाण्यावर भार टाकतात, त्यामुळे रायझरच्या तळाचा दाब नुसत्या पाण्याच्या स्तंभापेक्षा जास्त असतो. ३ टक्के होल्डअपला हा जादा दाब मीटरमागे ४५ मिमी पाणी, म्हणजे ३ मीटरला १३५ मिमी. साठवण स्तंभातल्या मण्यांचा थर मात्र स्थिर किंवा हळू सरकणारा असतो; त्याचे वजन मण्यांवरून मण्यांवर आणि भिंतींवर जाते, पाण्याच्या दाबात धरले जात नाही. साहजिकच रायझरच्या तळातले पाणी फीड पाइपमधून उलटे साठवण स्तंभाकडे जाऊ पाहते. त्याला अडवतो तो फीड पाइपमध्ये ठासून भरलेला मण्यांचा थर. हीच या यंत्राची खरी झडप आहे आणि ती मण्यांचीच आहे.

हा थर किती दाब पेलतो? पाणी वरच्या दिशेने झिरपत थराला उचलू लागते तेव्हा दाबाचा उतार मण्यांच्या पाण्यातल्या वजनाइतका होतो. थराच्या आकारमानात ६० टक्के मणी धरले तर हे उभ्या उंचीच्या मीटरमागे सुमारे ९० सेंमी पाणी होते. संचातला फीड पाइप ४५ अंशांत तिरका आहे आणि त्याची उभी उंची जेमतेम अर्धा मीटर. कागदावर ४५ सेंमी पाण्याचा आधार मिळतो, पण तिरक्या पाइपात पाणी वरच्या भिंतीलगत वाट शोधते, म्हणून निम्माच धरून चालावे. नमुना स्थितीतले १३५ मिमी सुखरूप आहेत. आता मण्यांचे चक्रण तेवढेच ठेवून पाण्याचा एकूण वेग २० वरून १२ सेंमी प्रति सेकंद करा. होल्डअप ३ वरून साडेसहा टक्क्यांवर जातो आणि तळाचा जादा दाब २९० मिमीच्या पुढे. पाणी कमी केले म्हणजे यंत्रावरचा ताण कमी होईल, हा सहज होणारा समज इथे पूर्ण उलटा ठरतो.

थर फुटला की काय होते ते ओळखायला शिकावे. आधी फीड पाइपमधली मण्यांची संथ सरक धक्क्याधक्क्याने होऊ लागते. मग वरच्या भिंतीलगत पाण्याची बारीक रेघ दिसते. सर्वांत खालच्या मॅनोमीटरची (दाब दाखवणाऱ्या पाण्याच्या नळीची) पातळी वर-खाली हलते. शेवटी साठवण स्तंभाचा तळ सैल होतो आणि मणी आधणात वैरलेल्या तांदळासारखे उसळू लागतात. तिथून पुढे रायझर रिकामा होत जातो, त्याचा दाब उतरतो, थर पुन्हा बसतो, मणी पुन्हा येतात आणि झोके चालूच राहतात. अशा वेळी हात प्राथमिक प्रवाहाच्या व्हॉल्व्हकडे जातो आणि तो बंद केला जातो. त्यामुळे रायझर आणखी दाट होतो. योग्य क्रम असा: आधी साहाय्यक प्रवाह कमी करायचा, प्राथमिक आहे तसा ठेवायचा किंवा किंचित वाढवायचा, रायझर विरळ होऊ द्यायचा, आणि साठवण स्तंभातला थर शांत झाल्यावरच बाकीचे बघायचे.

साठवण स्तंभातली मण्यांची उंची स्थैर्याला थेट मदत करते. थर उंच असला की फीड पाइपचे तोंड कधी उघडे पडत नाही आणि उलट्या झिरपेला लांब वाट कापावी लागते. उत्पादक संचासोबत २५ किग्रॅ मणी देतो. त्याने २०० मिमीच्या स्तंभात अर्ध्या मीटरच्या आसपासच उंची भरते, आणि रायझर दाट केला की त्यातलेही काही किलो वर जातात. १० टक्के होल्डअपला रायझरमध्ये साडेतीन किलोच्या जवळपास मणी असतात. त्यामुळे चक्रणाची वरची मर्यादा लवकर येते आणि दोष पंपावर ढकलला जातो. निदान ५० किग्रॅ मागवावेत. या एका बदलाने संचाचा वापरण्याजोगा पल्ला जेवढा वाढतो तेवढा दुसऱ्या कशाने वाढत नाही.

आयन-एक्स्चेंज किंवा दोन वेगळे द्रव वापरण्याचा विचार असेल तर आणखी एक हिशेब लागतो. वेस्टर्नमध्ये चीज बनवताना उरणाऱ्या निवळीतून प्रथिने काढायला अशीच रचना वापरली गेली: एका स्तंभात प्रथिने रेझिनला (काचेच्या मण्यांऐवजी वापरलेल्या आयन-एक्स्चेंज कणांना) चिकटतात, दुसऱ्यात सुटतात. तिथे दोन द्रव एकमेकांत मिसळता कामा नयेत. मिनिटाला २.७ किग्रॅ मणी म्हणजे १.१ लिटर घन. त्यांच्या फटींतून ०.७ लिटर पाणी सोबत ओढले जाते. रायझरच्या तळाचा जादा दाब उलट दिशेने जे झिरपवतो ते याच्या दहाव्या भागाइतकेच असते. म्हणजे दाब रायझरमध्ये जास्त असला तरी पाणी साठवण स्तंभातूनच रायझरकडे जाते. मिनिटाला ५४ लिटरमध्ये ०.६ ते ०.७ लिटर ही भेसळ हायड्रोडायनॅमिक्सच्या प्रयोगांना चालून जाते, प्रथिनांच्या कामाला नाही. या संचात मणी धुण्याचा टप्पा नाही, म्हणून त्या कामासाठी तो घेऊ नये.

साहाय्यक प्रवाह आणि त्याचा रोटामीटर

मण्यांचे चक्रण फीड पाइपवरच्या बटरफ्लाय व्हॉल्व्हने (आत फिरणारी गोल पाकळी असलेल्या व्हॉल्व्हने) ठरवायचे नसते. तो चालू प्रयोगात पूर्ण उघडा हवा आणि फक्त दोन स्तंभ एकमेकांपासून वेगळे करण्यासाठी बंद करायचा. अर्धवट उघडा ठेवला तर पाकळीमागे मणी एका बाजूने साचतात, सरक धक्क्याने होते आणि रबरी सीट घासून जाते. चक्रण ठरवतो तो साहाय्यक प्रवाह: रायझरच्या तळाच्या छिद्रांकित पट्टीतून येणारे थोडे पाणी, जे फीड पाइपच्या तोंडाशी बसलेल्या मण्यांना सैल करते. प्राथमिक नळ्यांची तोंडे त्या पट्टीच्या बरीच वर असल्यामुळे साहाय्यक प्रवाह शून्य असला की मणी वर उचललेच जात नाहीत. या यांत्रिक भाग नसलेल्या व्हॉल्व्हमुळेच मणी फारसे फुटत नाहीत.

उत्पादकाने दोन्ही प्रवाहांना ० ते १०० लिटर प्रति मिनिटाचे सारखेच रोटामीटर (प्रवाहमापक) बसवले आहेत. इथे गणित जमत नाही. पूर्ण मापपट्टीच्या २ टक्के अचूकता धरली तर चूक मिनिटाला २ लिटर, म्हणजे रायझरमध्ये ७ मिमी प्रति सेकंद. मणी सैल व्हायला २.५ मिमी पुरतात. म्हणजे मोजमापातली चूक मोजायच्या उंबरठ्याच्या जवळजवळ तिप्पट. कामाचा पल्ला मिनिटाला ३ ते १६ लिटरचा आहे. तिथे ० ते २० लिटरचा रोटामीटर आणि सुईचा व्हॉल्व्ह हवा. प्राथमिक प्रवाहाला १०० लिटरचा ठीक आहे. बदल स्वस्त आहे, ऑर्डरच्या वेळीच करून घ्यावा.

तुलना करताना एक पथ्य पाळावे. साहाय्यक वाढवला की एकूण वेगही वाढतो. चक्रणाचा परिणाम पाहायचा असेल तर साहाय्यक जितका वाढवाल तितका प्राथमिक घटवून एकूण कायम ठेवावा. उदाहरणार्थ ५१ अधिक ३, ४८ अधिक ६, ४५ अधिक ९. साहाय्यक ठरावीक ठेवून प्राथमिक वाढवत गेले तर सुरुवातीला चक्रण झपाट्याने वाढते आणि पुढे सपाट होते. हे वळण कुठे येते ते शोधणे हा या संचावरचा सर्वांत शिकवणारा प्रयोग आहे.

मोजमाप

चक्रण मोजायची सोय चांगली आहे. साठवण स्तंभाच्या वरच्या भागात मधोमध उभी पट्टी आणि तिच्या वरच्या व खालच्या टोकाला अर्धवर्तुळाकार पाकळ्या; त्या फिरवल्या की खाली पडणारे सगळे मणी पट्टीच्या एकाच बाजूला साचतात. नमुना स्थितीत ३० सेकंदांत साधारण ५७ मिमी उंची साचते. वाचनात २ मिमी चुकले तर साडेतीन टक्के. घाईने १० सेकंदांतच वाचले तर तीच चूक दहा टक्क्यांवर जाते. मिनिटभर मात्र थांबू नये: तेवढ्या वेळात खालच्या साठ्यात मणी येत नाहीत आणि पातळी घसरते.

होल्डअपसाठी दर ३० सेंमीवर दाबाची टॅपिंग (भिंतीतली छिद्रे) आणि उलटे यू-ट्यूब मॅनोमीटर दिले आहेत. ३ टक्के होल्डअपला दोन शेजारच्या टॅपिंगमध्ये फरक १३ ते १४ मिमीच येतो, त्यात २ मिमीची चूक म्हणजे पंधरा टक्के. काचेच्या मण्यांसाठी दीड मीटर अंतराच्या दोन टॅपिंगवर वाचावे, तिथे ६७ मिमी मिळतात. शेजारच्या टॅपिंग पोलादी छऱ्यांसाठी ठेवाव्यात. पाण्याचे घर्षण २० सेंमी प्रति सेकंदला मीटरमागे १ मिमीहून कमी, सोडून दिले तरी चालते; ४० सेंमीच्या आसपास ते अडीच मिमी होते आणि होल्डअप १ टक्क्यावर आला असेल तर उत्तर सोळा-सतरा टक्क्यांनी फुगते. म्हणून नुसत्या पाण्यावरची वाचने आधी घेऊन ती वजा करावीत.

मॅनोमीटर चुकण्याचे नेहमीचे कारण नळीत अडकलेली हवा. संचातल्या नळ्या ४ मिमीच्या आहेत, त्यांत बुडबुडा जागचा हलत नाही. ८ मिमीच्या पारदर्शक नळ्या घालाव्यात आणि प्रत्येक टॅपिंगच्या तोंडाशी ६० मेशची जाळी, म्हणजे पाव मिमी भोक. पंप बंद असताना सगळ्या पातळ्या एका रेषेत आल्या नाहीत तर त्या दिवशीचे एकही वाचन घेऊ नये.

तापमापक संचात नाही, आणि ही उणीव वाटते त्यापेक्षा मोठी आहे. २० अंशांना ७.३ असलेला टर्मिनल वेग ३५ अंशांना ८.३ सेंमी प्रति सेकंद होतो. २०० लिटर पाण्यात १ अश्वशक्तीचा पंप तासाला ३ अंशांपर्यंत उष्णता घालतो. सकाळच्या आणि दुपारच्या गटाचे आलेख वेगळे का आले, याचे उत्तर टाकीत सोडलेला साधा तापमापक देतो. टाकी ५०० लिटरची घेतली तर आणखी बरे.

चालू-बंद आणि बिघाड

चालू करताना फीड व्हॉल्व्ह बंद, प्राथमिक प्रवाह हळूहळू ५० लिटरपर्यंत, सगळी हवा निघाल्याची खात्री, मग फीड व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि शेवटी साहाय्यक प्रवाह शून्यापासून वर. बंद करताना साहाय्यक आधी शून्य, दोन मिनिटांत रायझर रिकामा होऊ द्यायचा, फीड व्हॉल्व्ह बंद आणि मग पंप.

वीज गेली तर हा क्रम पाळता येत नाही. रायझरमधले मणी खाली बसतात. ३ टक्क्यांना १५ सेंमीचा, १० टक्क्यांना अर्ध्या मीटरचा ठासलेला थर तयार होतो. वीज आल्यावर पंप पूर्ण जोरात लागला तर हा थर अखंड बुचासारखा वर उचलला जातो आणि सेपरेटरच्या जाळीवर आपटतो. म्हणून स्टार्टरमध्ये आपोआप सुरू होण्याची सोय नको, बटण दाबूनच सुरू झाला पाहिजे. पुन्हा सुरू करताना फीड व्हॉल्व्ह बंद ठेवून आधी साहाय्यक मिनिटाला २-३ लिटरवर द्यावा, थर सैल होऊन फुगला की प्राथमिक हळूहळू वाढवावा. प्राथमिक वाहिनीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसल्यास मणी नळ्यांतून उलटे उतरून पंपापर्यंत जातात. या संचात तो आहे, तपासून घ्यावा.

सेपरेटरची जाळी हा दुसरा नाजूक भाग. फुटक्या मण्यांचा चुरा तिच्यात अडकतो, पाण्याची पातळी वर चढते आणि दोन स्तंभांच्या माथ्यांतला समतोल बिघडतो. लक्षणे मात्र तळाशी, फीड पाइपमध्ये दिसतात. झोके सुरू झाले की आधी वरची जाळी पाहावी. परतीचा पाइप टाकीत पाण्याखाली बुडलेला हवा, नाहीतर पडणारी धार हवा ओढते, पंप ती वर पाठवतो आणि रायझरमध्ये तिसरा घटक येतो.

रायझर ओळंब्यात बसवून घ्यावा, ३ मीटरला ३ मिमीपेक्षा जास्त कल नको. कललेल्या नळीत एका भिंतीलगत मणी घसरतात आणि दुसरीकडून पाणी पळते. ॲक्रिलिक स्पिरिटने किंवा ॲसिटोनने कधीही पुसू नये, बारीक चिरा पडतात. साबणाचे पाणी पुरते. उन्हाच्या खिडकीजवळ संच ठेवल्यास आत शेवाळ धरते. टाकी लोखंडी नको.

ताबा घेण्यापूर्वी उत्पादकासमोर चार चाचण्या करून घ्याव्यात. दोन तास नुसते पाणी, गळती शून्य. प्राथमिक ५४ लिटर आणि साहाय्यक शून्य असताना मण्यांचे चक्रण थांबलेले दिसले पाहिजे. नसेल तर प्राथमिक नळ्यांची तोंडे खाली बसली आहेत. ४८ अधिक ६ लिटरवर वीस मिनिटे चालवून साठवण पातळी १० मिमीपेक्षा जास्त सरकता कामा नये. शेवटी चालू प्रयोगात पंप अचानक बंद करून वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा सुरू करावा. ऑर्डरमध्ये ५० किग्रॅ मणी, २० लिटरचा रोटामीटर, ८ मिमीच्या नळ्या, दोन प्रोबची छिद्रे, तापमापक, सेपरेटरची एक जास्तीची जाळी आणि फीड व्हॉल्व्हच्या दोन रबरी सीट हे लेखी घालावे.